शब्द शेवटच्या रांगेपर्यंत: समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यावरच्या नव्या वृंदगानाचा शुभारंभ कसा करावा

२७ नोव्हेंबर १९७८ ची रात्र. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते. त्याच इमारतीत त्या दिवशी सकाळी महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि हार्वी मिल्क यांना गोळ्या घालून मारलं होतं. मिल्क तिथल्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आलेले, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकासारखं पद, आणि आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून निवडून आलेले. पायऱ्यांवर काही पुरुष उभे राहिले आणि मेंडेल्सनचं एक प्रार्थनागीत गायले. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरसचा तो पहिला जाहीर कार्यक्रम. त्यांची पहिली तालीम ३० ऑक्टोबरला झाली होती, म्हणजे हा कॉयर, हा गाणाऱ्यांचा गट, जेमतेम चार आठवड्यांचा होता.

पुढे पस्तिसाव्या वर्षी, जून २०१३ मध्ये, याच कॉयरने मिल्क यांच्यावरची तासाभराची नवी रचना रंगमंचावर आणली: अँड्र्यू लिप्पा यांची 'आय अ‍ॅम हार्वी मिल्क'.

आमचा गट त्या मानाने अगदीच किरकोळ. अडतीस हौशी गायक, एक पियानो, एक चेलो. आवाज चार, वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास; मी सगळ्यात खालचा, बास. आम्ही एका मराठी कार्यकर्त्यावर बावीस मिनिटांचं नवं वृंदगान केलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांनी ते कार्यक्रमापुरतं वापरायला परवानगी दिली होती, इंटरनेटसाठी नाही. पण काम कसं केलं, कुठे आपटलो, हे सांगायला हरकत नाही. असं काही करायचं मनात असणाऱ्यांनी दीड वर्ष हाताशी धरावं. वर्षभरात होतं, पण मग कुणाशी तरी भांडण ठरलेलं.

आधी घरच्यांकडे जा

संगीतकार ठरवण्याआधी, पैसे गोळा करण्याआधी. व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडेच जा. हयात नसेल तर जोडीदार, भावंडं, जवळचे सहकारी. कायद्याने वारस एक आणि आयुष्याचा सोबती दुसरा, असं या बाबतीत हमखास असतं. दोघांनाही भेटा, वेगवेगळं. आमच्याकडे भावाला वाटत होतं की आजारपणाचा उल्लेख नको. जोडीदाराला वाटत होतं की त्याशिवाय सगळं खोटं होईल. दोन महिने गेले. शेवटी आजारपण आलं, पण आजाराचं नाव आलं नाही.

तीन गोष्टी लेखी घ्या: नाव कुठे वापरता येईल, कोणती पत्रं आणि छायाचित्रं वापरता येतील, आणि संहिता त्यांना कधी दाखवली जाईल. 'दाखवणं' आणि 'मंजुरी घेणं' यात फरक आहे, तो पहिल्याच भेटीत स्पष्ट करा.

संहिता

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रस्त्यावरच्या कार्यकर्त्याचं मुख्य हत्यार शब्दच असतं. चळवळीत आयुष्यभर मोठ्याने बोललेल्या माणसावरचं गाणं, आणि त्यातला एक शब्द ऐकू येत नाही, याच्याइतकी नामुष्की नाही. पुढचा प्रत्येक निर्णय, संगीतकाराचा, हॉलचा, दिव्यांचासुद्धा, आम्ही एकाच प्रश्नावर घासून पाहिला: शब्द शेवटच्या रांगेत पोहोचतोय का?

पहिला मोह असतो जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं सांगायचा. तो टाळा. लिप्पा यांनी मिल्क यांचं चरित्र सांगितलंच नाही. बारा भाग केले आणि प्रत्येकात एकेक क्षण किंवा एकेक आवाज धरला. मिल्क यांनी शहरात समलिंगींना संरक्षण देणारा कायदा मंजूर करून घेतला, तेव्हा महापौरांना सही करायला फिकट जांभळं पेन दिलं होतं. एक भाग त्या पेनावर आहे. एक भाग चक्क बंदुकीच्या गोळीच्या तोंडी आहे, आणि तो अख्खा कॉयर गातो. आणखी एकात शिव्या आहेत, आयुष्यभर ऐकाव्या लागतात त्या. शेवटी गप्प बसण्याचा कंटाळा आलाय, बाहेर या, असं आवाहन येतं. मिल्क स्वतः १९७८ च्या भाषणांत हेच सांगत: घरच्यांना सांगा, मित्रांना सांगा, कामावरच्या लोकांना सांगा.

तर वस्तू शोधा. पेन, बसचा पास, सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक. आम्हाला एक वही मिळाली, तिच्यात रात्री हेल्पलाइनवर आलेल्या फोनांच्या नोंदी होत्या: वेळ, गाव, आणि पुढे दोन-तीन शब्द. 'रडत होता.' 'काही बोलला नाही.' 'लग्न ठरलंय.' गावं आम्ही बदलली, फोन करणाऱ्यांचा माग लागेल असं काहीही ठेवलं नाही. पण 'काही बोलला नाही' ही ओळ चार आवाजांत एकामागून एक येते तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा ऐकू येत नाही.

हक्कांचं पाहून घ्या. पत्र ज्याच्या कपाटात आहे त्याचा त्या कागदावर हक्क; मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. जाहीर भाषणाचा पहिला हक्क आपल्या कायद्यानुसार भाषण करणाऱ्याचा, सभा कुणीही भरवलेली असो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे मिल्क यांच्या शब्दांचा भारतात हिशोब केला तर २०३८ संपेपर्यंत थांबावं लागेल, किंवा परवानगी घ्यावी लागेल. अमेरिकेतले नियम वेगळे, तिथे प्रयोग करायचा तर वेगळी चौकशी.

आणि शब्दांबद्दल एक. 'समलैंगिक', 'समलिंगी', 'गे', 'क्वीअर' यांतला कुठला वापरायचा यावर तुमच्याकडेही वाद होईल. आम्ही एकच नियम केला: ती व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरत होती, तोच.

संगीतकार आणि करार

मैत्रीखातर रचना करून घेऊ नका. मैत्री आणि रचना दोन्ही जातात. करार दोन पानांचाच असू दे, पण त्यात लांबी मिनिटांत, आवाजांची विभागणी, साथीची वाद्यं, स्कोअर, म्हणजे लिहून काढलेलं संगीत, देण्याची तारीख आणि मानधनाचे हप्ते असावेत. आम्ही तीन हप्ते केले: सहीला एक, पियानोसकट गाण्याचा स्कोअर हातात आला की दुसरा, दुरुस्त्या होऊन अंतिम प्रती मिळाल्या की तिसरा. स्कोअर प्रयोगाच्या किमान पाच महिने आधी हवा. पहिला प्रयोग करण्याचा हक्क तुमचा, पण कायमचा नाही; वर्षभर पुरे. रचनेची मालकी संगीतकाराकडेच राहू द्या, नाहीतर दुसरा कुणी ती गाणारच नाही. संगीतकार आयपीआरएसचा (गीत-संगीताच्या प्रयोगहक्कांचे परवाने देणारी संस्था) सदस्य असेल तर प्रयोगाचा परवाना कुणाकडून घ्यायचा हे आधीच विचारा, कारण सदस्यांचे ते हक्क संस्थेकडे असू शकतात.

खर्च झेपत नसेल तर भागीदार शोधा. लिप्पा यांच्या रचनेच्या खर्चात इतर शहरांतले कॉयरही होते, त्यामुळे पहिल्या प्रयोगानंतर दुसरा, तिसरा, चौथा प्रयोग आपोआप ठरला. मुंबईत 'रेनबो व्हॉइसेस मुंबई' हा एलजीबीटी कॉयर आहे. गोव्यात आणि वसईत चर्चमुळे चार आवाजांत गाण्याची जुनी सवय आहे. विचारायला काय जातं?

संगीतकाराला आवाजांची खरी माहिती द्या. कागदावरची नको. आमचे टेनर पाच, त्यातले दोन खोकलणारे. त्यांना वरच्या पांढरी पाचवर मिनिटभर टांगून ठेवलं तर काय होईल हे त्याला ऐकवूनच दाखवलं. आवाजांचे गट स्त्री-पुरुष असे पाडू नका; ज्याचा आवाज जिथे बसतो तिथे तो. ट्रान्स पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं असेल तर आवाज काही महिने खाली सरकत राहतो, फाटतो, रोज वेगळा लागतो. अशा गायकाला जानेवारीत दिलेला पार्ट जूनमध्ये गाता येईलच असं नाही, म्हणून पर्यायी ओळ लिहून घ्या. उलट इस्ट्रोजेनने ट्रान्स स्त्रियांचा आवाज चढत नाही. आमच्याकडे एक ताई बासमध्येच गातात आणि मजेत गातात.

तालमी

माझा ठोकताळा असा: हौशी कॉयरला नव्या संगीताच्या एका मिनिटामागे किमान सव्वा तास तालीम लागते. बावीस मिनिटांना साधारण अठ्ठावीस तास. आठवड्याला दोन तास म्हणजे चौदा आठवडे, आणि दिवाळीचे दोन आठवडे फुकट जाणार ते वेगळे.

आमच्यातल्या बहुतेकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नाही. वसईचे दोघे आणि गोव्याची एक सोप्रानो सोडली तर बाकीचे कानावर. म्हणून प्रत्येक पार्टची वेगळी रेकॉर्डिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि खाली सरगम लिहिली. हार्मनी कानाने शिकणाऱ्याची एक अडचण असते: शेजारचा वेगळा स्वर गायला की आपलं चुकतंय असं वाटून तो त्याच्याकडे सरकतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीचे दोन आठवडे फक्त दोन-दोन पार्ट एकत्र, मागे तानपुरा लावून. तानपुरा लावल्यावर आपल्या लोकांना घरी आल्यासारखं वाटतं. संगीतकार आधी नाराज झाला, मग त्यानेच पहिल्या भागात षड्ज धरून ठेवला.

आता मराठीची गंमत. चार आवाजांत मराठी गाताना शब्द तीन ठिकाणी मरतो.

पहिलं, स्वर. वरच्या पट्टीत सोप्रानो प्रत्येक 'अ'चा 'आ' करतात, तोंड उघडावंच लागतं. आमच्या एका ओळीत 'घर सुटलं' असं होतं. तिसऱ्या महिन्यात आम्ही एक चाचणी घेतली: ज्याने संहिता पाहिलेलीच नाही असा माणूस शेवटच्या रांगेत बसवायचा आणि ऐकू येईल ते लिहायला सांगायचं. एका आल्टोच्या सासूबाई तयार झाल्या. किराणाच्या बिलामागे त्यांनी लिहिलं आणि शेवटी विचारलं, "बाकी छान आहे हो, पण ती घार कुठून सुटली?" त्या पानावर वीसपैकी अकरा ओळी बरोबर होत्या. 'घर' त्याच दिवशी दोन स्वर खाली आणलं.

दुसरं, शेवटचं व्यंजन. 'हात' हा शब्द अडतीस जणांनी सोडला की पत्र्यावर गारा पडल्यासारखं तत्-तत्-तत् होतं. 'त' कितव्या मात्रेवर पडणार हे पेन्सिलने लिहून ठेवा आणि कंडक्टरने ते बोटाने दाखवावं. 'स' आणि 'श' तर सापासारखे फुत्कारतात. 'माणूस' मधला 'स' आमच्याकडे फक्त चौघं म्हणतात, बाकीचे 'माणू' वर तोंड उघडं ठेवून थांबतात. ऐकणाऱ्याला पूर्ण 'माणूस' ऐकू येतो.

तिसरं, आघात. बोलताना आपण 'काही बोलला नाही' मध्ये 'नाही'वर थांबतो. सुरावटीने 'ला'वर उंच उडी मारली की वाक्य परकं वाटतं. प्रत्येक ओळ आधी सगळ्यांनी मिळून नुसती बोलायची, तालात, सुराशिवाय. मग गायची. दोन्हींत फरक पडला तर संगीतकाराला फोन. आमच्या संगीतकाराने अशा सात जागा बदलल्या, कुरकुरत का होईना.

आणि कुणाला गाता गाता रडू येईल. गटातल्या काहींसाठी ते स्वतःचंच आयुष्य असतं. रडत गाता येत नाही, घसा आवळतो. त्या दिवशी त्यांना बाहेर जाऊ द्यावं, पाणी द्यावं, कारण विचारू नये.

कोण दिसणार, कोण नाही

हे काम सगळ्यात शेवटी आठवतं आणि सगळ्यात जास्त घोळ घालतं. कॉयरमध्ये गाणारा प्रत्येक जण घरी किंवा ऑफिसात उघडपणे वावरत असतोच असं नाही. शिवाय गाणारे सगळे समलिंगी असतात असंही नाही, आणि कोण आहे कोण नाही हे प्रेक्षकांनी ओळखायचं काही कारण नाही. आम्ही एक तक्ता केला, चार रकान्यांचा: रंगमंचावर उभं राहणं, कार्यक्रमपत्रिकेत नाव, फोटो, व्हिडिओ. प्रत्येकाने स्वतः भरला, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत बदलायची मुभा ठेवली. सहा जणांनी पत्रिकेत फक्त पहिलं नाव दिलं, एकाने टोपणनाव. ज्यांना व्हिडिओ नको ते सगळे उजव्या टोकाला, आणि कॅमेरा तिकडे वळणारच नाही असा लावला. थेट प्रक्षेपण केलं नाही. प्रेक्षकांना मोबाइल बंद ठेवायची विनंती कारणासकट केली, आणि ती पाळली गेली.

हॉल, तारीख, परवानग्या

मराठी नाट्यगृहं बोललेला शब्द ऐकू यावा म्हणून बांधलेली असतात. घुमारा कमी. शब्दाला ते उत्तम, पण कॉयरला कोरडं वाटतं, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. चर्चमध्ये उलट: सूर देखणा, शब्दांचा लगदा. मी नाट्यगृहच घेईन. फक्त मागचा जाड मखमली पडदा वर घ्या, तो आवाज पिऊन टाकतो. त्याऐवजी प्लायवूडचे पॅनल उभे करा. माईक माणसागणिक नकोत, वर टांगलेले दोन-तीन पुरतात.

हॉल बघायला जाल तेव्हा एसी चालू करून पाच मिनिटं गप्प उभे राहा. आम्ही राहिलो नाही. आमच्या एसीचा घर्रर्र हा चक्क बासच्या खालच्या स्वरापेक्षा अर्ध्या सुराने वर होता. हळू भागाच्या आधी तो बंद करावा लागला आणि लोकांनी कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेतला. बावीस मिनिटांचा तो फडफडाट रेकॉर्डिंगमध्ये कायमचा आहे.

महाराष्ट्रात निवेदन किंवा संवाद असतील तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) लागते का हे दोन महिने आधी विचारून घ्या. पोलीस ठाण्याला लेखी कळवा. बुकिंगच्या खिडकीवर विषय वाचून कुणी कपाळाला आठ्या घातल्या, तर शांतपणे सांगा की सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. गाण्यावर बंदी तर त्याआधीही नव्हती. आम्हाला हे एकदा सांगावं लागलं. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "डिपॉझिट चेकने की रोख?"

तारखेला अर्थ असेल तर बरं. कॅलिफोर्नियात मिल्क यांचा जन्मदिवस, २२ मे, 'हार्वी मिल्क दिन' म्हणून पाळतात. पण आपल्याकडे मे म्हणजे सुट्ट्या, निम्मे गायक गावाला. अर्थ बाजूला ठेवून जानेवारी घ्या.

त्या संध्याकाळी

नवी रचना मध्यंतराच्या आधी ठेवा. आधी दोन-तीन ओळखीची गाणी, आवाज तापायला. तिच्या आधी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द असलं काहीही नको. दोन शब्दांचे दोनशे होतात आणि कॉयर पाय दुखत उभा राहतो. घरच्यांपैकी कुणाला बोलायचं असेल तर मध्यंतरानंतर. पत्रिकेत पूर्ण संहिता मोठ्या टाइपात छापा, आणि प्रेक्षागृहातले दिवे इतपत ठेवा की ती वाचता येईल.

मांडणीतही बोलता येतं. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या कॉयरचं एक छायाचित्र निघालं. काळ्या कपड्यातले बहुतेक पुरुष पाठमोरे उभे, आणि पांढऱ्या कपड्यातले मोजके सात जण तोंड समोर करून. सातजण म्हणजे मूळ सदस्यांपैकी हयात असलेले. पाठमोरे ११५ जण एड्सने गेलेल्यांच्या जागी उभे होते. आम्ही नक्कल केली नाही. टेनरांच्या रांगेत एक जागा रिकामी ठेवली, एवढंच. पत्रिकेत त्याबद्दल काही छापलं नाही.

तिसरी घंटा झाली की मागे कुणी सूचना देत बसू नका. पहिला स्वर गुणगुणा आणि जा.

प्रयोगानंतर

आठवड्याच्या आत सगळ्यांचे स्कोअर परत घ्या, खुणांसकट. श्वास कुठे, 'त' कितव्या मात्रेवर, कुठली ओळ बदलली, हे सगळं एका प्रतीवर उतरवून संगीतकाराला द्या. पहिली आवृत्ती अंतिम नसते. मिल्क यांच्यावरचा स्टुअर्ट वॉलेस यांचा ऑपेरा १९९५ साली ह्यूस्टनमध्ये झाला. २०२२ मध्ये सेंट लुइसला तो पुन्हा आला तेव्हा संगीतकाराने त्याची नव्याने बांधणी केलेली होती. आमच्याही रचनेतली चार मिनिटं दुसऱ्या प्रयोगाला गळली, आणि कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाची तारीख पहिल्याच्या आधीच ठरवून टाका. नंतर ठरवू म्हणालात की गट पांगतो. आमचा दुसरा प्रयोग एका महाविद्यालयाच्या सभागृहात झाला, पंखे बंद, एसी नव्हताच. सासूबाई पुन्हा शेवटच्या रांगेत होत्या, बिल आणि पेन घेऊन. या वेळी सोळापैकी पंधरा. राहिलेली ओळ कुठली ते त्यांनी दाखवलं. आमच्या बासचीच होती.